2147483647 : या आकड्यामागचं जुनं प्रकरण

आमच्या यवतमाळकडं तलाठी भरतीचे पोट्टे मूळ संख्या म्हणजे 1 ते 100 मध्ये 25, एवढं पाठ करतात अन् पुढं सरकतात. मधात एकानं विचारलं, सर, 2038 ला जुने कॉम्प्युटर गंडणार म्हणतात, तो 2147483647 आकडा मूळ आहे म्हणून का? मूळ आहे हे खरं, पण त्याच्यानं नाही राजेहो.

2 चा 31 वा घात वजा 1 म्हणजे हा आकडा, 214 कोटींच्या वर. इटलीच्या कातालदी नावाच्या गणितज्ञानं 1603 मध्ये छापलं की घात 23, 29, 31, 37 घेतले तरी मूळ संख्याच येते. चारपैकी एकटा 31 बरोबर निघाला, तोही तुक्काच, कारण सिद्धता नव्हती. ती दिली ऑयलर नावाच्या गणितज्ञानं, त्याचं पत्र 1772 मध्ये छापून आलं अन् तेव्हा त्याला जवळपास दिसतच नव्हतं! 46340 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देत बसला असता तर हजारो भागाकार झाले असते, पण त्यानं पकडलं की याला भाग जाणारी मूळ संख्या असलीच तर तिला 62 नं भागून बाकी 1 उरली पाहिजे, अन् 8 नं भागून 1 नाहीतर 7. मग 3, 7, 11, 13 सगळे बाद, पहिला नंबरच लागते 311 चा. एकाही संख्येनं भाग गेला नाही, विषय संपला.

1811 मध्ये बार्लो नावाच्या इंग्रजानं लिहून ठेवलं की या 2147483647 वरून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येपेक्षा (म्हणजे जिचे स्वतःला सोडून बाकीचे भाजक मिळवले की तीच संख्या येते) मोठी बहुतेक कोणी शोधणार नाही, कारण असल्या संख्या नुसत्या गमतीच्या. 1876 मध्ये ल्युकास नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं हातानंच 39 अंकी मूळ संख्या काढली, म्हणजे बार्लो आपटलाच.

आता 2038. जुने कॉम्प्युटर वेळ 32 बिटांत, म्हणजे 0 नाहीतर 1 च्या 32 खणांत, ठेवतात. त्यातला एक अधिक-वजाच्या चिन्हाला जाते, उरलेल्या 31 मध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा हाच. 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद त्यात मोजत गेलं की 19 जानेवारी 2038 ला आपल्या सकाळी 8:44:07 ला जागा संपते अन् घड्याळ उलटं 1901 मध्ये जाऊन पडते. यात मूळपणाचा काही संबंध नाही. 16 बिटांचा 32767 म्हणजे 7 × 31 × 151, तोही तसाच भरते.

मूळपणा कामी येते तो दुसरीकडं. पार्क अन् मिलरनं 1988 मध्ये सुचवलेली रॅन्डम आकड्यांची रीत अशी, की आधीच्या आकड्याला 16807 नं गुणा, 2147483647 नं भागा, बाकी घ्या, पुन्हा तेच. 1 पासून 2147483646 पर्यंतचा प्रत्येक आकडा एकदाच येते, मगच चक्र फिरते. भाजक मूळ नसता तर एवढा पूर्ण फेरा बसलाच नसता.