बाबिलोनचं ग्रहण आणि सव्वातीन तासांचा हिशोब

इसवी सनापूर्वी १३६, १५ एप्रिलची सकाळ. आजच्या इराकमधल्या बाबिलोनमध्ये सूर्य उगवून साधारण दीड तास झाला होता आणि त्याला ग्रहण लागलं. तिथल्या आकाशनिरीक्षकांची नोंद मातीच्या पाटीवर कोरलेली आहे आणि ती पाटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सूर्योदयानंतर २४ अंशांनी ग्रहणाला सुरुवात. त्यांचा एक अंश म्हणजे आपली चार मिनिटं. ग्रहण लागलं नैर्ऋत्येकडून. शुक्र, बुध आणि तारे दिसले. त्या काळात सूर्याच्या तेजात लपलेले गुरू आणि मंगळसुद्धा दिसले! सगळं मिळून ३५ अंश, म्हणजे दोन तास वीस मिनिटं. भर दिवसा एवढं दिसायचं तर ग्रहण खग्रासच हवं.

आता हेच ग्रहण गणिताने मागे जाऊन शोधलं तर? दिवस तेव्हाही आजच्याएवढाच होता असं धरलं, तर चंद्राची गडद सावली बाबिलोनवर पडतच नाही. ती रेखांशाच्या सुमारे ४९ अंश पश्चिमेला, भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागाकडे पडते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, तेव्हा हा फरक सव्वातीन तासांचा झाला.

एवढा वेळ गेला कुठे? पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं मंदावत आलंय. दिवस शंभर वर्षांत सेकंदाच्या दोन सहस्रांशांपेक्षाही कमी वाढतो. माणसाला हे कधी जाणवणार नाही. पण तेव्हापासून पावणेआठ लाखांहून जास्त दिवस उलटलेत. तेव्हाचे दिवस आजच्यापेक्षा किंचित लहान होते; दर दिवशी सरासरी दीड शतांश सेकंदाचा फरक साठत गेला, की बरोबर तेवढे तास होतात.

याचा पहिला सुगावा इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीला १६९५ मध्ये लागला होता. जुन्या ग्रहणांशी ताडून पाहताना त्याला वाटलं, चंद्रच पूर्वीपेक्षा वेगाने धावतोय. फ्रेंच गणिती लाप्लासने १७८७ मध्ये याचं कारण पृथ्वीच्या कक्षेच्या बदलत्या आकारात शोधलं आणि प्रश्न मिटल्यासारखा झाला. पण १८५३ मध्ये इंग्लिश गणिती अ‍ॅडम्सने दाखवून दिलं की त्यातून जेमतेम निम्मा फरक सुटतो. उरलेल्या निम्म्यासाठी १८६५ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ देलोनेने बोट दाखवलं ते समुद्राकडे. या निम्म्यापुरता चंद्र धावत नव्हता, ज्या घड्याळावर आपण त्याला मोजत होतो ते मागे पडत होतं!

चंद्रामुळे समुद्राला भरतीचा फुगवटा येतो. पृथ्वी भराभर फिरत असल्याने तो फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे ओढला जातो आणि चंद्र त्याला मागे खेचत राहतो. पृथ्वीला असा सतत ब्रेक लागतो. तिने गमावलेला कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, चंद्राला मिळतो, म्हणून चंद्र दूर सरकतो. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकावर लेझर सोडला, की तो अडीच सेकंदांत परत येतो. अशा मोजण्यांतून कळलंय की चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातोय.

फार जुना पुरावा प्रवाळांत सापडला. प्रवाळाच्या सांगाड्यावर रोजच्या वाढीची बारीक रेघ उमटते. १९६३ मध्ये जीवाश्मांचा अभ्यासक जॉन वेल्सने डेव्होनियन काळातल्या, म्हणजे सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या, जीवाश्मांवरच्या रेघा मोजल्या, तर वर्षाला सुमारे ४०० भरल्या. म्हणजे दिवस २२ तासांच्या आसपास.

मला सगळ्यात थक्क करते ती एक छोटी तफावत. भरती-ओहोटीच्या हिशोबाने दिवस शतकाला सुमारे २.३ सहस्रांश सेकंद वाढायला हवा. बाबिलोन, चीन, ग्रीस आणि अरबांच्या ग्रहण-नोंदी मात्र सुमारे १.८ सांगतात. कोणीतरी पृथ्वीला थोडं पुढेही ढकलतंय. यामागचं मुख्य कारण हिमयुग मानलं जातं. ध्रुवांजवळचे प्रचंड बर्फाचे थर हजारो वर्षांपूर्वी वितळले आणि त्यांच्या ओझ्याने दबलेली जमीन अजूनही वर येतेय. त्यामुळे वस्तुमान पृथ्वीच्या अक्षाजवळ सरकतं आणि गिरकी घेताना हात जवळ घेणाऱ्या नर्तकीसारखी पृथ्वी किंचित वेग घेते. जमीन किती लवकर वर येईल हे प्रावरणाच्या, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थराच्या, घट्टपणावर अवलंबून असतं. म्हणून पृथ्वीच्या पोटातला खडक किती सावकाश वाहतो याचा अंदाज बांधताना भूभौतिकशास्त्रज्ञांना त्या ग्रहणांच्या वेळाही कामी येतात.