लचके तोडणारा अमिबा

२०२४ आणि २०२५ मध्ये केरळमधून ‘मेंदू खाणाऱ्या अमिबा’च्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा पोटाच्या जुन्या तक्रारीला ‘मला अमिबा आहे’ असे नाव देऊन वर्षानुवर्षे पथ्य सांभाळणारी आपल्याकडची मंडळी साहजिकच धास्तावली. ही धास्ती अनाठायी आहे. त्या बातम्यांतला मुख्य आरोपी नीग्लेरिया फाउलेरी हा कोमट गोड्या पाण्यात स्वतंत्रपणे जगतो आणि असे पाणी नाकात गेले, तरच मेंदूपर्यंत पोहोचतो. आमांश करणारा एंटामीबा हिस्टोलिटिका मात्र दूषित अन्नपाण्याबरोबर तोंडावाटे येतो आणि मोठ्या आतड्यात वस्ती करतो. जनुकांची तुलना करून आज जो वंशवृक्ष मांडला जातो, त्यात तर हा एंटामीबा नीग्लेरियापेक्षा तुम्हाआम्हालाच अधिक जवळचा ठरतो. पाय फुटल्यासारखे ओघळत सरकणे हे रूप दोघांना सारखे लाभले, म्हणून दोघांना एकच नाव पडले, इतकेच.

केवळ रूपावर विसंबण्याची किंमत वैद्यकशास्त्राने यापूर्वीही मोजली आहे. १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे फ्योडोर लोश यांनी आमांशाच्या एका रुग्णाच्या शौचात हा अमिबा पाहिला, आणि त्यानंतर लवकरच एक कोडे पुढे आले. ज्यांच्या शौचात हा अमिबा सापडे, त्यांच्यापैकी बहुतेकांना काहीही होत नसे, तर थोड्यांना रक्ताचे जुलाब होत आणि काहींच्या यकृतात गळू होई. एमिल ब्रुम्प्त या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२५ मध्येच सांगितले होते, की या दोन वेगळ्या जाती आहेत आणि त्यांतली एक निरुपद्रवी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही हुबेहूब सारख्या दिसत असल्यामुळे त्यांचे म्हणणे पन्नासहून अधिक वर्षे बाजूला पडले. १९७८ मध्ये लंडनमधील सार्जंट आणि विल्यम्स यांनी ठिकठिकाणच्या अमिबांमधली विकरे, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने (एन्झाइम), विद्युतक्षेत्रात वेगळी करून पाहिली, तेव्हा आजारी माणसांच्या अमिबांचा आणि निरोगी वाहकांच्या अमिबांचा पट्ट्यांचा नमुना वेगळा निघाला. पुढे डीएनएच्या अभ्यासानेही तेच दाखवले. १९९३ मध्ये डायमंड आणि क्लार्क यांनी निरुपद्रवी जातीला एंटामीबा डिस्पार म्हणून रीतसर मान्यता मिळवून दिली, आणि १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितले, की तक्रार नसलेल्या माणसाच्या शौचात साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सिस्ट, म्हणजे कवचात बंद झालेले अमिबा, दिसल्या, एवढ्यावरून औषध देऊ नये. जातीचा निर्णय आता हिस्टोलिटिकाच्या विशिष्ट प्रथिनाच्या चाचणीने किंवा डीएनए ओळखणाऱ्या पीसीआर चाचणीने होऊ शकतो. अशी चाचणी न करता लोकांच्या कपाळी मारलेला ‘जुना अमिबा’ अनेकदा डिस्पार असतो किंवा मुळीच नसतो, आणि तो ‘मुळापासून उपटून काढणारी’ चूर्णे व आतडी धुण्याची पेये यांचा धंदा मात्र या संदिग्धतेवर छान चालतो.

मग दोन जातींत फरक काय? मेक्सिकोतील एका रुग्णाकडून १९६७ मध्ये मिळालेल्या आणि तेव्हापासून प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या वाणाचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा उत्तर एका यादीत सापडेल अशी आशा होती. सुरुवातीला जवळपास दहा हजार जनुके मोजली गेली; नंतरच्या फेरतपासणीत तो आकडा आठ हजारांच्या आसपास आला. आपल्या पेशींसारखी ऊर्जा तयार करणारी तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) या अमिबात नाही, तिचे केवळ अवशेष आहेत, आणि चयापचयाची काही जनुके त्याने जिवाणूंकडून उचललेली दिसतात. प्रथिने तोडणाऱ्या सीपी५ या विकराचे जनुक हिस्टोलिटिकात शाबूत आहे, तर डिस्पारमध्ये त्याचे मोडके अवशेषच उरले आहेत. तरीही बहुतेक सगळी जनुके दोघांत समान आहेत. जनुकांची यादी हाती आल्याने रोग समजत नाही. त्या जनुकांपासून बनणारी प्रथिने प्रत्यक्षात काय करतात, हे पाहावे लागते.

हिस्टोलिटिकाच्या बाबतीत हे पाहणे विलक्षण ठरले. या अमिबाच्या पृष्ठभागावर एक लेक्टिन, म्हणजे शर्करा ओळखून पकडणारे प्रथिन असते. आतड्यातील श्लेष्मा आणि आपल्या पेशींवरील गॅलॅक्टोज व तत्सम शर्करांना ते चिकटते. प्रयोगाच्या भांड्यात मोकळे गॅलॅक्टोज भरपूर घातले, तर लेक्टिन त्यातच गुंतते आणि पेशी वाचतात, हे १९८० च्या दशकापासून माहीत होते. चिकटल्यानंतर काय होते, हा प्रश्न उरला. अमिबाजवळ अमिबापोर नावाची, पेशीपटलाला भोके पाडू शकणारी छोटी प्रथिने आहेत, आणि ऊती पचवणारी विकरेही आहेत. त्यामुळे अमिबा आधी पेशी मारतो आणि मग अख्खी गिळतो, अशी समजूत रूढ झाली.

२०१४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील कॅथरीन राल्स्टन, विल्यम पेट्री आणि सहकाऱ्यांनी मानवी पेशींचे पटल रंगवून त्या अमिबांसमोर ठेवल्या. मिनिटभरातच अमिबांच्या पोटात चमकणारे बारीक तुकडे दिसू लागले, आणि ज्या पेशींचे ते तुकडे होते, त्या अजून जिवंत होत्या. अमिबा जिवंत पेशीचे लचके तोडत होता. लचके तुटत गेले, तसे त्या पेशीतले कॅल्शियम वाढत गेले आणि मग ती मेली. आणि पेशी मेली की अमिबा तिला सोडून पुढच्या जिवंत पेशीकडे वळला. या क्रियेला ट्रोगोसायटोसिस म्हणतात. पेशी मारून खाण्याऐवजी खाऊन मारण्याचा हा प्रकार आहे.

या लचक्यामागची यंत्रणा मला सर्वांत मोहक वाटते. तिची सुरुवात दिल्लीत उलगडली. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील सोमलता, सुधा भट्टाचार्य आणि आलोक भट्टाचार्य यांनी २०११ मध्ये दाखवले, की अमिबा घास घेऊ लागतो तेव्हा सी२पीके नावाचे एक कायनेज, म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारे प्रथिन, कॅल्शियमच्या उपस्थितीत पेशीपटलाच्या आतील बाजूच्या फॉस्फॅटिडिलसेरीन या मेदाला चिकटते. ते आपल्याबरोबर सीएबीपी१ हे कॅल्शियम धरणारे प्रथिन आणते, ते पेशीला आकार देणाऱ्या अॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूंना बोलावते, आणि ते तंतू पटलाला आतून रेटून घास पकडणाऱ्या पेल्याचा आकार देतात. व्हर्जिनियाच्या प्रयोगांत याच कायनेजचे बिघडवलेले रूप अमिबात घातले, तेव्हा लचके कमी झाले आणि पेशी मरण्याचे प्रमाणही घटले. पीआय३ कायनेज हे दुसरे एक विकर रोखले किंवा अॅक्टिनची जुळणी अडवली, तरी तेच झाले. त्याच विद्यापीठातील पुढच्या कामात दिसले, की आत घेतलेले तुकडे ज्या आम्लयुक्त पिशव्यांत, लायसोसोममध्ये, पचतात, तिथली आम्लता घालवली, तर अमिबा नवे लचके तोडणेही थांबवतो. आधीचे पचले नाही, तर पुढचे तोडता येत नाही.

राल्स्टन यांच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्रयोगशाळेतून २०१९ मध्ये आलेला निष्कर्ष त्याहून चकित करणारा होता. लचके तोडणारा अमिबा मानवी पेशीच्या पटलावरची काही प्रथिने स्वतःच्या पृष्ठभागावर मिरवतो. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिने असतात; ती परक्या पेशीवर साचतात आणि तिला फोडतात. मानवी प्रथिने ल्यालेले अमिबा मात्र या हल्ल्यातून वाचले, राखणदाराच्या समोरून त्याच्याच धन्याचा अंगरखा घालून चोर निघून जावा तसे. मेलेल्या पेशी अख्ख्या गिळणाऱ्या अमिबांना असे संरक्षण मिळाले नाही. आतड्यातून रक्तावाटे यकृतापर्यंत जाताना हा अमिबा कॉम्प्लिमेंटच्या तावडीतून कसा सुटतो, याचे निदान एक कारण यात दिसते.

उपचाराच्या बाजूने पाहिले तर मेट्रोनिडाझोल ऊतींतल्या अमिबांवर प्रभावी आहे, पण आतड्याच्या पोकळीतले अमिबा त्याने खात्रीने संपत नाहीत, म्हणून त्यानंतर पॅरोमोमायसिन किंवा डायलोक्झानाइडसारखे दुसरे औषध द्यावे लागते. माणसांसाठी लस अजून उपलब्ध नाही. लेक्टिनच्या एका तुकड्यावर आधारित लसीचे प्रयोग प्राण्यांवर झाले आहेत, आणि त्यामागचा विचार सरळ आहे: प्रतिपिंडांनी (अँटिबॉडींनी) लेक्टिनच झाकून टाकले, तर अमिबाला चिकटता येणार नाही, आणि चिकटता आले नाही तर लचकाही तोडता येणार नाही. पण एखादा अमिबा ही फळी चुकवून काही लचके तोडून बसला, तर त्याच्या अंगावर चिकटलेल्या प्रतिपिंडांच्या मदतीला येणारे कॉम्प्लिमेंट त्या मानवी प्रथिनांमुळे निष्प्रभ होऊ शकते. म्हणून लसीची परीक्षा घेताना उपाशी अमिबांबरोबरच, मानवी पेशींवर पोसलेल्या अमिबांवरही ती तपासून पाहायला हवी, असे मला वाटते.