काळी मुसळी कशी ओळखावी?

मृगाचा पाऊस लागला की आमच्या रोपवाटिकेत हा प्रश्न हमखास येतो: काजूच्या बागेत गवतातून पिवळी फुले डोकावताहेत, ती काळी मुसळी नावाची औषधी वनस्पतीच ना? बहुतेकदा तीच असते. सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, मोकळ्या कातळावर ती सहसा दिसत नाही. कडेला जिथे माती साचते, गवत माजते, तिथे पाहावी.

आधी फूल बघा. सहा पाकळ्यांचे, दीड-दोन सेंटिमीटरचे, अगदी जमिनीलगत. खाली देठ वाटतो ती फुलाचीच लांब नळी असते आणि बीजकोश पानांच्या बुडाशी मातीत दडलेला असतो. त्यामुळे फळही तिथेच, नजरेआड धरते. आता पाकळी हलकेच उलटी करा. पाठीवर लांब, मऊ लव दिसली की शंका उरत नाही.

फूल नसेल तर पानावर भिस्त ठेवावी लागते. नुकत्याच रुजलेल्या माडाच्या पानासारख्या त्याला उभ्या घड्या असतात. लव विरळ असते, म्हणून कोवळे पान उजेडात तिरके धरून पाहा.

सर्वांत जास्त गोंधळ फोडशी या रानभाजीशी होतो. भाजीसाठी पाने खुडणाऱ्यांनी इथे सावध राहावे. फोडशीचे पान गुळगुळीत, फुले पांढरी आणि तीही गवतातून वर निघालेल्या दांड्यावर. बाजारातली सफेद मुसळी फोडशीच्याच जातकुळीतली आहे, काळी मुसळी वेगळ्या कुळातली.

खात्री करायला झाड उपटू नका, ही आमची कळकळीची विनंती. काळ्या मुसळीचा गड्डा एकच, सरळ खाली गेलेला, बाहेरून काळपट आणि आतून पांढरा असतो. पाऊस सरला की पाने वाळतात, गड्डा मात्र जिवंत राहतो आणि पुढच्या पावसात त्यालाच पुन्हा कोंब फुटतो. तो काढला की त्या जागेवरचे झाड संपले. सड्यावरून खणून आणलेला माल आम्ही घेत नाही. आमची रोपे इथेच, गड्ड्याचे डोळा असलेले तुकडे लावून तयार होतात.

कुंडीत लावलीत तर पाणी साचू देऊ नका. उन्हाळ्यात कुंडी रिकामी दिसेल, ती ओतून टाकू नका. औषध म्हणून घ्यायची असेल तर वैद्यांना विचारा. मात्रा आम्ही सांगत नाही. ओळख पटत नसेल तर पान आणि फुलाची पाठ, दोन्हींचे फोटो घेऊन या.