स्नायू विसरत नाहीत, कंडरांना मात्र वेळ लागतो

‘व्यायाम सोडला की कमावलेल्या स्नायूंची चरबी होते.’ हे वाक्य इतक्या ठामपणे सांगितलं जातं की या भीतीपोटी अनेक जण वजनं उचलायला हातच लावत नाहीत. स्नायूची पेशी आणि चरबीची पेशी या दोन वेगळ्या जातींच्या पेशी आहेत आणि एकीची दुसरी होत नाही. व्यायाम थांबला की स्नायू बारीक होतात. खाणं तेवढंच राहिलं तर चरबीच्या पेशी फुगतात. दोन्ही एकाच वेळी घडतं, म्हणून एकाचं दुसरं झाल्यासारखं दिसतं.

याच समजुतीची एक बहीण आहे आणि ती जास्त नुकसान करते. खंड पडला म्हणजे केलेलं सगळं पाण्यात गेलं, आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, असं लोकांना वाटतं. हे का खरं नाही, याचं उत्तर स्नायूच्या रचनेत आहे आणि माझ्या मते शरीरशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी ती एक आहे.

एका पेशीत एक केंद्रक, असं आपण शाळेत शिकतो. स्नायूचा तंतू या नियमाला ठळक अपवाद आहे. प्रत्येक तंतू ही एकच पेशी, पण ती कित्येक सेंटिमीटर लांब असू शकते आणि तिच्या कडेकडेने शेकडो केंद्रकं बसलेली असतात. प्रथिनांचा आराखडा केंद्रकातल्या डीएनएमध्ये असतो. त्या आराखड्याची आरएनए-प्रत केंद्रकातून बाहेर पडते, पण ती फार दूर पोहोचू शकत नाही. त्यामुळे एक केंद्रक आपल्या आसपासच्या मर्यादित भागालाच प्रथिनं पुरवतं. तंतू बराच जाड करायचा तर जादा केंद्रकं हवीत, आणि अडचण अशी की तंतूतल्या केंद्रकांना विभाजन करता येत नाही. मग नवी केंद्रकं येतात कुठून?

याचा धागा १९६१ साली सापडला. अलेक्झांडर मॉरो हे संशोधक बेडकाच्या पायाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. तंतूचं पटल आणि त्यावरचं बाहेरचं आवरण यांच्या मधल्या फटीत त्यांना छोट्या पेशी दिसल्या. त्यांना त्यांनी ‘उपग्रह पेशी’ म्हटलं. एरवी या पेशी निद्रिस्त असतात. स्नायूवर सवयीपेक्षा जास्त भार पडला की त्या जाग्या होतात आणि त्यांचं विभाजन सुरू होतं. त्यांतल्या काही राखीव म्हणून जागेवर परततात, तर काही थेट तंतूत विलीन होऊन आपलं केंद्रक त्याला देऊन टाकतात.

पुढची पायरी २०१० साली नॉर्वेतल्या ऑस्लो विद्यापीठात क्रिस्टियान गुंडरसन यांच्या गटाने गाठली. उंदराच्या पायातला एक स्नायू काढून त्याचं काम शेजारच्या स्नायूवर टाकलं आणि त्याच त्या तंतूंमधली केंद्रकं पुन्हा पुन्हा मोजली. सहाव्या दिवसापासून केंद्रकं वाढू लागली, पण तंतूची जाडी वाढायला नववा दिवस उजाडला. म्हणजे आधी केंद्रकं, मग प्रथिनं. एकवीस दिवसांत केंद्रकं ५४ टक्क्यांनी वाढली आणि जाडी ३५ टक्क्यांनी. भार दिलेल्या दुसऱ्या काही उंदरांत त्यांनी स्नायूकडे जाणारा मज्जातंतू तोडून त्याला पूर्ण निष्क्रिय केलं. तंतू झपाट्याने रोडावले, पण मिळवलेली केंद्रकं तशीच राहिली, तीही तीन महिन्यांपर्यंत. उंदराच्या आयुष्यात हा मोठा काळ आहे.

२०१३ साली याच गटाने उंदरांना काही दिवस टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारं संप्रेरक दिलं आणि मग थांबवलं. स्नायूंचा आकार मूळपदावर आला, पण वाढलेली केंद्रकं टिकून राहिली. तीन महिन्यांनी भार दिल्यावर मात्र हे स्नायू सहा दिवसांत सुमारे ३० टक्के वाढले. कधीच टेस्टोस्टेरॉन न मिळालेल्या उंदरांत तेवढ्या काळात लक्षणीय वाढ दिसली नाही. उत्तेजक घेणाऱ्या खेळाडूवर थोड्या काळाची बंदी पुरेशी आहे का, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला.

माणसात ही केंद्रकं किती काळ टिकतात यावर संशोधकांत मतभेद आहेत. पण स्नायूच्या या ‘स्मृती’चा आणखी एक थर माणसातच सापडला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ पुरुषांनी सात आठवडे वजनं उचलली, सात आठवडे थांबले आणि पुन्हा सात आठवडे उचलली. दुसऱ्या फेरीत स्नायू पहिल्यापेक्षा जास्त वाढले. त्यांच्या डीएनएवर मिथाइल गटांच्या ज्या खुणा असतात, त्यांतल्या काही पहिल्या फेरीत पुसल्या गेल्या होत्या आणि विश्रांतीच्या काळातही परतल्या नव्हत्या. मिथाइलची खूण नसेल तर जनुक वाचणं सोपं जातं. थोडक्यात, ती जनुकं अर्धी उघडीच राहिली होती. म्हणून परतणाऱ्याने आठवड्यातून दोन-तीन दिवस मोठ्या स्नायूंना भार द्यावा आणि मागच्या वेळेपेक्षा लवकर फरक दिसला तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

दमाचं गणित वेगळं आहे. तो लवकर जातो. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे बिछान्यात झोपवून ठेवलं, तेव्हा त्यांची कमाल ऑक्सिजन वापरण्याची क्षमता चौथ्या हिश्शाहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीन दशकांच्या वयाने केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी होती! आणि पन्नाशीत सहा महिने बेताचा व्यायाम केल्यावर त्यांची सरासरी क्षमता विशीतल्या मूळ पातळीवर पोहोचली.

हीच क्षमता कमी वेळात वाढवण्यासाठी इंटरव्हल ट्रेनिंग, म्हणजे जोराचे आणि हळू टप्पे आलटून पालटून करणं, उपयोगी पडतं. जोराच्या टप्प्यात स्नायूतलं एटीपी हे ऊर्जा पुरवणारं रसायन वेगाने खर्च होतं, त्यातून उरणारं एएमपी साचतं, त्यामुळे एएमपीके नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं आणि नव्या तंतुकणिका, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं (मायटोकॉन्ड्रिया), बांधण्याचा संदेश जनुकांपर्यंत जातो. मात्र ‘चार मिनिटांत तंदुरुस्ती’ या जाहिरातींपासून सावध राहा. जपानी संशोधक इझुमी तबाता यांच्या १९९६ च्या मूळ प्रयोगात २० सेकंद जोर आणि १० सेकंद विश्रांती होती, पण तो जोर कमाल ऑक्सिजन-क्षमतेच्या १७० टक्के तीव्रतेचा होता आणि सायकल चालवणारे तरुण आधीपासूनच खेळाडू होते. परतणाऱ्यासाठी चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असे चार फेरे जास्त शहाणपणाचे. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आहाराबद्दल थोडंच सांगतो. चरबी घामातून जात नाही. पोटाला पट्टे बांधून गेलेलं वजन पाण्याचं असतं आणि ते पाणी प्यायल्यावर परत येतं. दहा किलो चरबी जळते तेव्हा सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते, उरलेल्याचं पाणी होतं. त्यासाठी खर्चापेक्षा कमी खावं लागतं. नुसतंच कमी खाल्लं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणून वजनं उचलावीत आणि शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं घ्यावीत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नये.

आता कंडरांविषयी, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांविषयी. अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास हवेतला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) जवळपास दुप्पट झाला होता आणि नंतर तो घटत गेला. त्यामुळे शरीरातला एखादा ऊतक कोणत्या काळी बनला हे त्यातल्या कार्बन-१४ वरून कळतं. २०१३ साली डॅनिश संशोधकांनी टाचेमागच्या कंडरेची अशी तपासणी केली. तिचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे त्याचं नूतनीकरण जवळजवळ होतच नाही, असं दिसलं. स्नायू जुन्या केंद्रकांच्या बळावर काही आठवड्यांत ताकद मिळवतो, पण ती ताकद ज्या दोरीतून हाडापर्यंत जाते तिला भाराशी जुळवून घ्यायला महिने लागतात. पूर्वी व्यायाम केलेली माणसं परतताना टाच, गुडघा आणि कोपर दुखावून घेतात, त्यामागे ही तफावत हे मोठं कारण आहे. म्हणून पहिले तीन महिने जोराचे फेरे सायकलवर किंवा चढावर चालत करा, उड्या आणि वेगाने धावणं पुढे ढकला, वजन सावकाश उचला आणि त्याहून सावकाश खाली आणा, आणि हात आणखी वजन मागत असले तरी एका वेळी थोडंच वाढवा.