डायनिंगचा दिवा खोलीच्या मध्यभागीच लागतो? नाही हो!

आमच्या सांगलीत घराचं काम काढलं की हे हमखास ऐकायला मिळतं, की डायनिंगचा दिवा खोलीच्या बरोबर मध्यभागी आणि छताला चिकटूनच पाहिजे, खाली सोडला तर डोळ्यावर येतो. हे चुकीचंय. दिवा खोलीचा नसतो, टेबलाचा असतो.

माझ्या आईचं टेबल भिंतीला लागून, दिवा मात्र मधोमध छताला, म्हणजे बसणाऱ्याच्या पाठीमागं. ती जेवायला बसली की तिच्याच डोक्याची सावली ताटात, बांगड्यात काटा हाय का नाय ते दिसायचंच नाही, मग ती ताट उचलून उजेडाकडं धरायची. मला बघवायचं नाही ते.

शेवटी टेबलाच्या मध्यावर छताला हुक मारून घेतला, जुन्या पॉइंटपासून वायर तिथपर्यंत आणली न दिवा खाली सोडला. टेबलापासून शेडच्या खालच्या कडेपर्यंत ३० ते ३६ इंच ठेवा, बसल्यावर बल्ब डोळ्यावर येत नाही आणि समोरच्याचं तोंडपण दिसतं. शेडची रुंदी टेबलाच्या रुंदीच्या निम्मी ते दोन तृतीयांश बास. वजन हुकावर पाहिजे, वायरवर अजिबात नको, आणि काम करताना मेन स्विच बंदच.

बल्ब घेताना वॅट (वीज किती खातो) बघू नका, ल्युमेन (उजेड किती देतो) बघा. ९ वॅटचा एलईडी साधारण जुन्या ६० वॅटच्या बल्बाएवढा उजेड देतो. उजेडाचा रंग २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर घ्या, पांढऱ्याफटक उजेडात आमटीसुद्धा फिकी दिसते.