लाल दिवा कुणाचा? ड्रॅग रेसिंगमधल्या वादग्रस्त निकालांची पार्श्वभूमी

दोन गाड्या, दोन सरळ पट्टे, पाव मैल अंतर. एवढ्या साध्या शर्यतीत पंचांशी भांडायला जागाच कुठे उरते, असं नवख्या माणसाला वाटतं. पण अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगचा इतिहास पाहिला तर सगळ्यात चिवट वाद शर्यत सुटतानाचे आहेत.

वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली, तेव्हा शर्यती झेंड्यावर सुटत. मुरलेले चालक झेंडेवाल्याच्या खांद्याकडे आणि मनगटाकडे टक लावून बसत, आणि तो झेंडा उचलणार असं दिसताच गाडी सोडत. आधी कोण सुटला, हे त्या एका माणसाने ठरवायचं. हरलेल्याने दाद मागायची तरी कशाच्या आधारावर? घड्याळांवरही सगळ्यांचा विश्वास नव्हता. 1960 मध्ये इलिनॉयमधल्या ऑल्टनला चालक क्रिस कॅरमेसिनीस यांचा वेग ताशी 204 मैल नोंदला गेला, पण तो आकडा अधिकृत मानला गेला नाही. 200 मैलांचा पहिला मान्य विक्रम 1964 मध्ये डॉन गार्लिट्स यांच्या नावावर लागला.

झेंड्याच्या जागी 1963 मध्ये दिव्यांचा खांब आला. रंगीत दिव्यांमुळे त्याला 'ख्रिसमस ट्री' नाव पडलं. पुढचं चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून हिरव्या दिव्याआधी बाहेर पडलं की लाल दिवा लागतो आणि चालक बाद होतो. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या नॅशनल्स या असोसिएशनच्या स्पर्धेत, अंतिम फेरीत खुद्द गार्लिट्स यांचा लाल दिवा लागला आणि बॉबी वॉडनिक जिंकले. पक्षपाताचा आरोप करायला आता समोर माणूस नव्हता. माझ्या मते या खेळातली ही सर्वांत न्याय्य सुधारणा.

पण धावण्याचा वेळ मोजायला सुरुवात होते ती गाडी किरणातून बाहेर पडल्यावर. त्यामुळे कमी वेळात अंतर कापणारा चालकही सुटायला उशीर झाला म्हणून हरू शकतो. फलकावरचे आकडे पाहून अनेक प्रेक्षकांना अजूनही निकालच चुकलाय असं वाटतं.

खरा अन्याय हँडिकॅप शर्यतींत, म्हणजे संथ गाडीला आधी सोडणाऱ्या शर्यतींत होता. समजा, एका गाडीला 12 सेकंद लागतात आणि दुसरीला 10. संथ गाडीला 2 सेकंद आधी हिरवा दिवा मिळतो. ती सेकंदाच्या एक हजारांश भाग लवकर सुटली की तिथेच बाद. मग मागून सुटणाऱ्याने त्याच्या पन्नासपट घाई केली तरी तो विजेता, कारण पहिली चूक आधीच्याची. संथ गाड्या चालवणाऱ्यांनी ही तक्रार वर्षानुवर्षं केली आणि ती रास्त होती. यंत्रणा तेव्हाही दोघांची घाई अचूक मोजू शकत होती, आड येत होता तो नियम. दोघेही चुकले तर जास्त घाई करणारा हरेल, अशी दुरुस्ती असोसिएशनने फार उशिरा केली.

चुकांमध्ये लहानमोठेपणा मात्र आधीपासून होता. मधली रेषा ओलांडणं हे लाल दिव्यापेक्षा मोठं, कारण त्यात शेजारच्या चालकाचा जीव धोक्यात येतो. म्हणून लाल दिवा लागलेला चालकही, प्रतिस्पर्धी रेषेपलीकडे गेला तर, जिंकतो. मात्र चाक रेषेला नुसतं लागलं की पलीकडे गेलं, हे प्रकाशकिरण सांगत नाहीत. ते पंचांनाच पाहावं लागतं, आणि आज भांडणं होतात ती बऱ्याचदा इथेच.