कयाकिंगची वेळ रोज वेगळी का असते

अभयारण्यातल्या आमच्या कयाकिंगचं (वल्ह्याच्या छोट्या होडीतून फिरण्याचं) बुकिंग झालं की बरेच जण विचारतात, आमचे मित्र गेल्या रविवारी सकाळी सातला निघाले मग आम्हाला दुपारी एक का? कारण वेळ पाणी ठरवतं. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, आठवड्याभरात त्याच वेळेला नेमकी ओहोटी येते आणि ओहोटीत अभयारण्यातल्या पाण्याच्या आतल्या फाट्यांमध्ये नुसता चिखल उरतो, कयाक रुतली आणि ढकलायला उतरलात तर पाय गुडघ्यापर्यंत आत. म्हणून आपण चढत्या पाण्याबरोबर आत जायचं आणि उतरत्या पाण्याबरोबर परत यायचं. भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी सरकतं, तेव्हा ओढ फार असते. अमावस्या-पौर्णिमेला तर उधाण, त्यामुळे पहिल्यांदा येणाऱ्यांनी अष्टमीच्या आसपासची तारीख घ्या.

परतताना घाई करू नका प्लीज, खरी मजा तेव्हाच असते. पाणी उतरायला लागलं की चिखलाची कड उघडी पडते आणि भरतीभर कोरड्या जागी दाटीवाटीने बसलेले पक्षी किडे, शिंपले वेचायला खाली येतात. यातले कित्येक फार लांबून आलेले असतात. 2022 मध्ये टॅग लावलेलं गॉडविट या लांब चोचीच्या किनारी पक्ष्याचं एक पिल्लू अलास्काहून टास्मानियाला 13,560 किलोमीटर सलग उडत गेलं, 11 दिवस, कुठेही न थांबता! अशा प्रवासाला लागणारी चरबी या चिखलातूनच मिळते, आपण जवळ गेलो आणि थवा उडाला की त्यांचं खाणंही थांबतं आणि साठवलेली ताकदही जाते. म्हणून आम्ही अंतराबाबत कडक आहोत, एखाद्याला राग आला तरी चालेल. पक्ष्यांनी चरणं थांबवून माना वर केल्या की वल्हं थांबवायचं, थेट त्यांच्या दिशेने कधीच जायचं नाही, तिरकं जायचं. ड्रोन नको. रिकामे शंखही उचलू नका, शंखातले खेकडे त्यातच घर करतात.

लाइफ जॅकेट किनाऱ्यावर परत येईपर्यंत अंगावरच. कॉटन आणि जीन्स भिजून जड होतात, लवकर सुकणारे कपडे घाला, चष्म्याला दोरी बांधा, दोन लिटर पाणी आणा, मोबाइलला ड्रायबॅग (पाणी न शिरणारी पिशवी) आम्ही देतो. कयाक उलटलीच तर तिला धरून राहा, पोहत सुटू नका, गाइड येतो. विजा किंवा जोराचा वारा असेल तर आम्ही ऐनवेळी सुद्धा ट्रिप रद्द करतो आणि पुढची तारीख भरती बघूनच देतो.